बाबांशी बोलायचं लायसन

माझे बाबा विनोदी आहेत, हे मला दंतवैद्याच्या खुर्चीत, तोंड उघडं असताना कळलं.

दाढ भरायची होती. डॉक्टरीणबाई बोलक्या. माहेर कुठलं, भावंडं किती, वडील काय करतात, सगळं त्यांनी मशीन सुरू करण्याआधीच विचारून घेतलं. "रिटायर झालेत. घरी वायरलेसवर बसलेले असतात, हौशी रेडिओवाले आहेत," असं मी म्हणाले आणि त्याच क्षणी माझ्या गालात कापूस गेला.

"थांबा, थांबा. त्या गावचे? मोर्सवाले? रोज सकाळचे?"

"आ," मी म्हणाले.

"अहो, तुम्ही त्यांची मुलगी! आधी नाही का सांगायचं! मी रोज दवाखाना उघडायच्या आधी बोलते त्यांच्याशी. सकाळची मंडळी म्हणतो आम्ही. पूर्वी बरेच होतो, आता चौघंच उरलोय. पण काय माणूस आहे हो! परवा शेजाऱ्याच्या कोंबड्याची गोष्ट सांगितली, मी इतकी हसले की बाहेर बसलेला पेशंट घाबरून घरी गेला. घरात नुसती धमाल असेल तुमच्या!"

"आ-आ-आ," मी म्हणाले. म्हणजे, तुमची काहीतरी गल्लत होतेय.

कारण माझे बाबा हे असे होते:

"बाबा, जेवलात का?"

"हो हो."

"काय केलं होतं?"

"हो हो."

"कानाच्या डॉक्टरांकडे कधी जाताय?"

"हो हो. बरं, ठेवू?"

आई गेल्यापासून हे असंच चाललं होतं. बाबा एकटे राहतात, इथून अख्ख्या दिवसाच्या प्रवासावर. मुलीला घेऊन तो प्रवास मी एकदाच केला. आम्ही उतरलो तेव्हा बसमधल्या लोकांनी टाळ्या वाजवायच्याच काय त्या बाकी ठेवल्या. त्यामुळे आमचं बापलेकीचं नातं उरलं होतं ते फोनवर, आणि फोनवर मी बोलायचे, बाबा हो हो करायचे. कानाला कमी येतं हे ठाऊक होतं. यंत्र आणून दिलं होतं, ते ड्रॉवरमध्ये पडून होतं. पण खरं कारण कान नव्हेच, असा मी माझ्यापुरता शोध लावला होता. आई गेली, बाबा आतून मिटले, आता त्यांना कशातच गोडी राहिली नाही. हा शोध मी नवऱ्याला, बहिणीला, भाजीवालीला, सगळ्यांना भरल्या डोळ्यांनी सांगत असे. आणि इथे एक बाई माझ्या दाढेत भोक पाडता पाडता सांगत होती, की हा मिटलेला माणूस रोज सकाळी चार गावांना हसवतो.

कापूस निघाल्यावर मी पहिलं विचारलं ते बिलाचं नाही. "त्यांना ऐकू येतं तुमचं?"

"मोर्स ना? खणखणीत! अहो, बोलणं म्हणजे शंभर भानगडी. अक्षरांच्या कडाच जातात म्हातारपणी, नुसती गुणगुण उरते. मोर्सला काय लागतं? एक सूर. आहे किंवा नाही. तो सूर त्यांनी आपल्या कानाला सोसेल असा लावून घेतलाय."

मी घरी आले, अर्धा चेहरा बधिर होता, तसाच फोन लावला. इंटरनेटवर बघून 'बाबा' हा शब्द मोर्समध्ये एका कागदावर उतरवला होता. ताटलीवर चमच्याने तो फोनमध्ये वाजवला. दोनदा. अगदी मन लावून.

"भांडी घासतेयस?" बाबा म्हणाले. "मग नंतर कर." आणि ठेवला.

म्हणून मी क्लबात गेले. हौशी रेडिओच्या परीक्षेचा वर्ग तिथे चालतो, आणि डॉक्टरीणबाई त्याच क्लबाच्या. परीक्षा झाली की सरकार एक कॉल साइन देतं, म्हणजे हवेतलं आपलं नाव. लायसन दोन तऱ्हेचं. छोट्याला मोर्स लागत नाही, पण त्याची धाव आपल्या गावापुरती. बाबांपर्यंत पोचायचं तर मोठं हवं. बाबांना मात्र यातलं अवाक्षर सांगायचं नाही, असं मी डॉक्टरीणबाईंकडून वचन घेतलं. नापास झाले तर निदान एका माणसाला तरी कळू नये.

"मोठं लायसन?" नवरा म्हणाला. तो चष्म्याच्या दुकानात असतो. घरातलं डोळ्यांचं खातं त्याच्याकडे, कानांचं आता माझ्याकडे आलं होतं. "अगं, तू वॉशिंग मशीनचं बटण लावायला मला हाक मारतेस."

"ते बटण उलटं फिरतं."

"सरळच फिरतं. तू उलटी उभी असतेस."

क्लबाची जागा म्हणजे जुनं पंपघर. पाणी उपसणारा पंप कधीच काढून नेला, त्याचा सिमेंटचा ओटा राहिला, त्यावर रेडिओ मांडलाय. वर रिकामी टाकी, टाकीवर अँटेना. भिंतीतून तोंड काढलेले जाडे पाईप अजून आहेत, त्यांना मंडळी छत्र्या आणि पिशव्या अडकवतात. वर्गात एक प्लंबर होता, तो पहिल्या दिवशी रेडिओपेक्षा त्या पाईपांकडेच जास्त हळहळून बघत होता. दोघं सख्खे भाऊ होते, एकमेकांशी न बोलणारे, ते दोन टोकांना बसत. आणि मी, मांडीवरल्या मुलीसकट. तिला ठेवणार कुठे? जेमतेम दात फुटलेली, भिंत धरून चालणारी, दिसेल ती वायर तोंडात घालणारी ठमी.

शिकवायला सर होते. जन्मभर जहाजांवर वायरलेस ऑपरेटर म्हणून काढलेला माणूस, जमिनीवरही पाय फाकवून चालायचा. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघितलं, ठमीकडे बघितलं, आणि हजेरी घेताना माझं नाव न विचारता "पाळणा" अशी हाक मारली. ती चिकटली.

विजेच्या धड्यात माझी जी काही शोभा झाली ती थोडक्यात सांगते, नाहीतर संध्याकाळ होईल. दाब आणि प्रवाह यांत मी नेमाने गोंधळ घातला. प्लंबरने मला नळाचं उदाहरण देऊन समजावलं, तेव्हा मला नळही समजेनासा झाला. डाग देताना, म्हणजे वितळलेल्या धातूने तारा जोडताना, मी माझ्या बाहीचं टोक बोर्डाला कायमचं जोडून टाकलं. सरांनी ते ओढून पाहिलं. "सांधा उत्तम," ते म्हणाले. "चुकीच्या वस्तूला आहे, एवढंच."

पण मोर्स! मोर्स मला आलं, आणि हे कुणालाच खरं वाटेना, मलाही.

"ठिपके मोजायचे नाहीत," सर सांगायचे. "मोजायला लागलीस की संपलीस. गाणं ऐकतेस तेव्हा मोजतेस का? अक्षराची चाल असते. चाल ओळखायची." डि म्हणजे आखूड सूर, डा म्हणजे लांब. डि-डा हे एक अक्षर, डा-डि-डि-डिट हे दुसरं. मी त्यांच्या सरावाच्या टेपा फोनवर उतरवून घेतल्या आणि दुपारी ठमीला पाजायला घेतलं की लावायला लागले. तेवढाच काय तो वेळ माझा. एक हात तिच्या डोक्याखाली, दुसऱ्या हातात पेन्सिल, मांडीशेजारी वही. ती चुटूचुटू पीत असायची, खोलीत ते बारीक सूर चालायचे, आणि माझा हात आपला आपण अक्षरं लिहीत जायचा. कधी कधी तर ठमी झोपून जायची, टेप संपायची, आणि मला पत्ता नसायचा की मी पानभर लिहून बसलेय. तिच्या कपाळावर घामाचे थेंब असत. ते टिपताना माझ्या ओठांतून आपोआप डि-डा-डिट निघायचं. वर्गातही तसंच. सरांनी मोर्स सुरू केलं की ठमी हात पसरायची, मी तिला शालीखाली घ्यायचे, आणि उतरवायला लागायचे.

"या वर्गात," सर म्हणाले, "बाळ आधी पास होणार."

"आणि आई?" प्लंबरने विचारलं.

"आई बाळाच्या वशिल्याने."

सगळे हसले, मीही हसले. वाक्य किती खरं होणार आहे ते सरांनाही माहीत नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी सगळ्यांनी माझ्यावर दया केली, आणि तिथेच घोळ झाला. नवऱ्याने सुट्टी टाकली. "आज तरी मोकळ्या हाताने जा," तो म्हणाला. "मी ठमीला घेऊन खाली बसतो. तू राणीसारखी परीक्षा दे." डॉक्टरीणबाईंनी नवं पेन दिलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला. फिकट निळा. फिकट निळा, हे लक्षात घ्या.

लायसन कचेरीच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती. परीक्षक म्हणजे एक उंच, बारीक, अतिशय नीटनेटके गृहस्थ. त्यांनी टेबलावरचं स्टेपलर टेबलाच्या कडेला समांतर ठेवलं, मग आमच्याकडे पाहिलं, जणू आम्हालाही तसंच सरळ करून ठेवायचं होतं. लेखी पेपर झाला. दाब आणि प्रवाह यांनी त्या दिवशी मेहेरबानी केली. मग परीक्षक म्हणाले, "आता मोर्स. एक उतारा वाजवीन, तो उतरवायचा. ज्यांचा चुकेल त्यांच्यासाठी दुसरा वाजवीन. दुसराही चुकला तर पुढच्या वर्षी भेटू."

पुढच्या वर्षी. सकाळच्या मंडळींतले चौघंच उरले होते, आणि बाबांच्या कानात उरलेला तो एक सूर वर्षभर टिकेल अशी पावती मला कुणी देणार नव्हतं.

उतारा सुरू झाला. पहिलं अक्षर ऐकलं, लिहिलं. दुसरं लिहिलं. आणि मला पान्हा फुटला.

हे सभ्य शब्दांत कसं सांगावं कळत नाही. ज्यांना मुलं झालीत त्यांना सांगायची गरज नाही, बाकीच्यांनी समजून घ्यावं. इतके महिने मी मोर्स म्हणून जे जे ऐकलं होतं ते ठमीला पाजताना ऐकलं होतं. एकदाही तिच्याविना नाही. माझ्या शरीराची अशी पक्की समजूत झाली होती, की हे सूर म्हणजे दुधाची घंटा. कानांनी निरोप दिला, आणि बाकीच्या खात्यांनी कामाला सुरुवात केली. फिकट निळ्या शर्टावर आधी एक गडद निळं बेट उगवलं, मग दुसरं. मी पेन सोडलं आणि दोन्ही हात छातीवर घट्ट बांधले. हात बांधून जगात पुष्कळ गोष्टी करता येतात, त्यांत लिहिणं येत नाही. तिकडे अक्षरं आपली चालली होती, डा-डिट, डि-डि-डा, एकामागून एक, मी प्लॅटफॉर्मवर उभी आणि गाडी निघालेली. बरं, दूध तरी थांबावं, तर मेलं तेही थांबेना. जितकं वाजत होतं तितकं वाहत होतं.

उतारा संपला. परीक्षकांनी कागद गोळा केले. माझ्या कागदावर दोन अक्षरं होती.

"आपली तब्येत?" त्यांनी विचारलं. त्यांची नजर माझ्या शर्टापर्यंत आली, दचकली आणि थेट छताला जाऊन लागली.

"सर," मी म्हणाले, "दुसऱ्या उताऱ्याला मला माझी मुलगी लागेल."

"काय लागेल?"

"मुलगी. खाली आहे. तिला मांडीवर घेतल्याशिवाय मला मोर्स येत नाही."

ते दोघं भाऊ, एकमेकांशी न बोलणारे, त्यांनी प्रथमच एकमेकांकडे पाहिलं. परीक्षक टेबलामागे गेले, नियमांचा छापील कागद काढला आणि बोट ठेवून वाचायला लागले. "उमेदवाराने सोबत आणू नये. पुस्तक. फोन. ध्वनिमुद्रणाचं साधन." त्यांनी कागद उलटा करून पाहिला. "बाळ लिहिलेलं नाही."

"म्हणजे चालेल?"

"लिहिलेलं नाही म्हणजे चालेल असंही लिहिलेलं नाही." ते विचारात पडले. मग अतिशय गंभीरपणे म्हणाले, "बाळाला मोर्स येतं का?"

"सर, तिला अजून 'आई'सुद्धा येत नाही."

"उत्तरं सांगणार नाही?"

"नाही."

"इशाऱ्यानेही?"

प्लंबरला इतका ठसका लागला की त्याला पाणी द्यावं लागलं. तोवर भावांपैकी धाकट्याने खिडकीतून खाली डोकं काढून हाक मारली होती, "अहो ठमीचे बाबा! पाठवा तिला वर!" आणि मागून थोरला म्हणाला, "पाठवा काय? घेऊन या म्हण. चालत येणारे का ती?" ते दोघांचं कित्येक दिवसांतलं पहिलं संभाषण, असं मला नंतर कळलं. त्याचं श्रेय मी कुणाला देत नाही, स्वतःकडेच ठेवते.

नवरा धापा टाकत आला. ठमीच्या तोंडाला बिस्किट लागलेलं. तिने माझ्याकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं, आणि आपलंच आहे अशा खात्रीने झेपावली. मी शाल ओढून घेतली. परीक्षकांनी आपली खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तिच्यावर बसून म्हणाले, "बाकीच्यांनी आपापल्या पद्धतीने सहकार्य करावं." सगळे उमेदवार वळून बसले. प्लंबर खिडकीबाहेरच्या पाईपकडे बघत बसला, त्याला बरंच वाटलं असेल. त्या खोलीत तोंड सरळ असं आम्हा दोघींचंच होतं.

दुसरा उतारा सुरू झाला, ठमी प्यायला लागली, आणि माझा हात चालायला लागला. विचारच करावा लागला नाही. ती एका हाताने माझ्या शर्टाचं बटण फिरवत होती, सरळ की उलटं कोण जाणे, आणि मी अक्षरांमागून अक्षरं घेत होते. शेवटाकडे तिने नवे दात वापरून पाहिले. मी "आई गं!" म्हणून किंचाळले. परीक्षकांची पाठ नुसती थरथरली, पण वळले नाहीत. त्या चाव्यात माझी तीन अक्षरं गेली. तीन चुकांना माफी होती. चौथीला नव्हती.

परीक्षकांनी कागद तपासला, पुन्हा तपासला, आणि पेन समांतर ठेवलं. "आपण दोघी उत्तीर्ण," ते म्हणाले. मग घाईने, "म्हणजे, आपण." की, म्हणजे मोर्स वाजवायची खटकी, दाबून पाठवायची परीक्षा मी झोपलेल्या ठमीला खांद्यावर टाकून दिली. हात डगमगत होता, पण नियमात बसला.

कॉल साइन टपालाने आली. घरी सेट घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून सकाळी पंपघरात गेले. ठमी नवऱ्याकडे. या वेळी घरून तिचं पोट भरून निघाले होते आणि शर्ट काळा घातला होता. माणूस शिकतो. डॉक्टरीणबाई आधीच ओट्याशी बसल्या होत्या. सर होते, प्लंबर होता, भाऊ एकाच स्कूटरवरून आले होते. एवढ्या सगळ्यांना कशाला यायचं होतं? "सहज," सगळे म्हणाले.

सकाळच्या मंडळींची रोजची विचारपूस झाली. मग डॉक्टरीणबाईंनी पाठवलं, की आज क्लबात एक नवीन माणूस आलाय, जरा सांभाळून घ्या. आणि खुर्ची मला दिली.

आमचं मोर्स रोमन अक्षरांत आणि बोलणं मराठीत. एकेक शब्द जोडत वाचायचा. मी माझी कॉल साइन पाठवली. समोरून बाबा आले. त्यांचं मोर्स मी पहिल्यांदाच ऐकत होते. छापल्यासारखं, एकसारखं, मध्ये मुद्दाम माझ्यासाठी धिमं केलेलं.

"या या. नाव काय?"

मी घाबरले. नाव पाठवलं तर संपलंच. "पाळणा," मी पाठवलं.

"हे नाव की पत्ता?" बाबांनी विचारलं.

मागे प्लंबर फिसकन हसला. माझ्या तेव्हा लक्षात आलं, की या खोलीतल्या प्रत्येकाला मोर्स येतं. स्पीकर चालू होता, आणि बापलेकीचं बोलणं ऐकायला अख्खं पंपघर बसलं होतं. मी मागे वळून पाहिलं, तर सगळे एकदम वर टाकीकडे बघायला लागले.

"तुमचा हात नव्या वासरासारखा आहे," बाबा म्हणाले. "चार पाय चार दिशांना. पण उभं राहिलंय, ते महत्त्वाचं. काम काय करता?"

"मूल सांभाळते."

"अरे वा. सगळ्यांत अवघड स्टेशन. ओव्हर म्हणतच नाही."

मी हसले. मोठ्याने, एकटीच, हातात की धरून. माझ्या बाबांच्या विनोदाला मी कधी शेवटची हसले होते ते मला आठवेना. आई होती तेव्हाचं असणार.

"माझी मुलगीही तशीच," बाबांचं चालूच होतं. "रोज फोन करते. पुष्कळ बोलते. मला एक शब्द कळत नाही. हो हो करतो."

मी पेन्सिल थांबवली. सूर थांबले नाहीत.

"तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर फोन बंद करेल, लिहून पाठवायला लागेल. शहाणी आहे, सोय बघेल. पण लिहिलेल्यात तिचा आवाज नसतो. शब्द नसले तरी आवाज येतो. तिच्या आईसारखा चढतो शेवटी. तुम्ही कुणाला सांगू नका. ओव्हर."

ओव्हर म्हटलं की समोरच्याने बोलायचं असतं. पंपघरात कुणी टाकीकडेही बघत नव्हतं. सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. मी कीवर बोट ठेवलं, काढलं, ठेवलं. भाजीवालीला, बहिणीला, नवऱ्याला भरल्या डोळ्यांनी सांगितलेला माझा तो शोध मला आठवला आणि लाज वाटली. मिटलेले म्हणे!

"बाबा, मीच आहे," मी पाठवलं. वासरू पार कोलमडलं.

नुसती खरखर. सरांनी वाकून प्लग पाहिला. प्लग जागच्या जागी होता.

"परत पाठवा," समोरून आलं. "नीट."

मी परत पाठवलं. नीट.

पुन्हा खरखर. मग बाबांचे सूर आले, पण छापल्यासारखे नव्हते. एक डा लांबला, पुढचा अर्ध्यावर तुटला. "यांचा हात असा कधी नसतो हो," डॉक्टरीणबाई कुजबुजल्या, आणि त्यांनी मला हेडफोन दिले, स्पीकर बंद केला. "माझा दवाखाना," त्या म्हणाल्या. प्लंबरला एकदम कुठलातरी गळका नळ आठवला. भावांनी स्कूटरची किल्ली एकमेकांकडे मागितली, ती सरांनी शोधून दिली आणि आपणही बाहेर गेले. दार त्यांनी ओढून घेतलं.

"तू लायसन काढलंस," बाबा म्हणत होते.

"हो."

"मोठं?"

"मोठं."

मग बाबा म्हणाले, "इतके दिवस फोनवर काय काय सांगत होतीस, ते सगळं आता सांग. पहिल्यापासून."

माझ्या गतीने ते सगळं सांगायचं म्हणजे ठमीचं लग्न होईपर्यंत पुरलं असतं. सुरुवात कुठून करावी? आईबद्दल रडत रडत जे बोलले होते तिथून? ठमी झाली त्या सकाळपासून? एवढं साठलेलं, एवढं मोलाचं, आणि माझ्या हाताने काय पाठवावं:

"तुम्ही हो म्हणालात म्हणून मी स्वयंपाकघराला पिवळा रंग दिला."

"कसा दिसतो?"

"भयंकर."

"मी नको म्हणालो असतो," बाबा म्हणाले. "पुढे सांग."